‘अडकून राहिला’ कसलं, तिथेच घर होतं त्याचं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत परदेशी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांवर पानभर लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण पहिला मुद्दा तेवढा छापा कारण ती सरळ सरळ चूक आहे. चौकटीत रॉस मॅकडोनाल्डचा फोटो टाकलाय आणि त्याखाली त्याची गाजलेली पुस्तकं म्हणून ट्रॅव्हिस मॅगी सिरीजमधली नावं दिलीत. अहो ट्रॅव्हिस मॅगी हा नायक जॉन डी. मॅकडोनाल्डचा, तो फ्लोरिडात बोटीवर राहणारा. रॉस मॅकडोनाल्डचा डिटेक्टिव्ह तो लू आर्चर, कॅलिफोर्नियातला. म्हणजे माणसं दोन आणि समुद्रही दोन. यात तुमच्या उपसंपादकाला एकट्याला धरून उपयोग नाही म्हणा, हा घोळ १९४९ पासून चालू आहे, खाली सांगतो.

दुसरा मुद्दा म्हणजे माझं खरं दुखणं. लेखात म्हटलंय की हा माणूस एवढा शिकलेला, डॉक्टरेट वगैरे, पण शेवटपर्यंत हार्ड-बॉइल्ड डिटेक्टिव्ह कथांमध्येच ‘अडकून राहिला’, नाहीतर मोठा साहित्यिक झाला असता. (हार्ड-बॉइल्डचं मराठी ‘कडक उकडलेल्या कथा’ असं केलंय, ते बघून आमच्या हिने विचारलं की रेसिपीचं पान आहे का.) ‘अडकून राहिला’ हे वाचलं आणि चहा तसाच गार झाला बघा.

मी कोण ते सांगतो म्हणजे एवढा का चिडलो ते कळेल. डोंबिवलीत माझं भाड्याने पुस्तकं देणारं वाचनालय होतं, तीसेक वर्षं चालवलं, आता गाळा विकला. वर्गणी महिना दहा रुपयांपासून सुरू केलेली. मधल्या फळ्यांवर ललित, चरित्रं, दिवाळी अंक, आणि अगदी खालच्या फळीवर, जिथे वाकायला लागतं तिथे, रहस्यकथा. ती मांडणी माझीच, लाज वाटते आता सांगायला, पण मेंबरलोकांनाही तीच बरी पडायची. एक मास्तर यायचे, ते वरून एक भारदस्त चरित्र घ्यायचे आणि त्याच्या खाली लपवून बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार न्यायचे, चरित्र आठवडाभराने जसंच्या तसं परत, झुंजारच्या पानांवर मात्र तेलाचे डाग, म्हणजे जेवताना सुद्धा सोडला नाही. अर्नाळकर म्हणजे काही हार्ड-बॉइल्ड नव्हेत, ती जात वेगळी, काळा पहाड, धनंजय-छोटू, हजाराच्या वर कादंबऱ्या, पण त्यांच्याबद्दलही लोक असंच बोलायचे, की एवढं लिहिलं पण त्यात ‘काही’ नाही. ते ‘काही’ म्हणजे नक्की काय हे तीस वर्षांत मला एकाही मेंबरने सांगितलं नाही.

तर रॉस मॅकडोनाल्ड. मला तो फोर्टच्या फूटपाथवर भेटला, फोंटानाची जुनी पेपरबॅक, पिवळी पडलेली, चार पुस्तकांच्या गठ्ठ्यात फुकट आल्यासारखी. इंग्रजी पुस्तकं मी जरा कमीच ठेवायचो, जेम्स हॅडली चेसची रहस्यं सोडली तर जायची नाहीत. घरी येताना लोकलमध्ये उघडली आणि डोंबिवली गेलं, कल्याणला उतरून परत यायला लागलं.

त्याचं खरं नाव केनेथ मिलर. जन्म १३ डिसेंबर १९१५, कॅलिफोर्नियात लॉस गॅटोस इथला, पण वाढला कॅनडात, कारण आईबाप तिकडचे. हा चार वर्षांचा व्हायच्या आत बाप घर सोडून गेला. आईकडे पैसे नाहीत, नोकरी नाही, पोराला घेऊन या नातेवाइकाकडे त्या नातेवाइकाकडे, एकदा तर सहा वर्षांच्या पोराला घेऊन ती अनाथाश्रमाच्या फाटकापर्यंत गेली होती, पोरगं रडलं, गयावया केली म्हणून माघारी फिरली. मोठेपणी त्याने मोजलं, वयाच्या पहिल्या सोळा वर्षांत आपण किती खोल्यांमध्ये राहिलो, तर आकडा पन्नास निघाला. पन्नास. मी एका गाळ्यात आणि एका चाळीत जन्म काढला, मला ते डोक्यातच येईना. हे सगळं मी का सांगतोय तर पुढे त्याच्या प्रत्येक पुस्तकात हेच आहे, पोरगं हरवलंय, बाप पंधरा वर्षांपूर्वी निघून गेलाय, आई काहीतरी लपवतेय.

आता अडकला कुठे ते बघा. कॅनडातल्या किचनर गावात एक तंबाखूचं दुकान होतं, त्यातच भाड्याने पुस्तकं द्यायची सोय. (मी हे वाचलं तेव्हा मला एकदम भारी वाटलं, म्हणजे आमच्याच धंद्यातला कुणीतरी.) तिथे १९३०-३१ च्या सुमाराला या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने डॅशिएल हॅमेटचं पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्या वाचत राहिला, दुकानात मागे जुगाराच्या मशीनची खडखड, वरच्या मजल्यावर बिलियर्डच्या खोलीत पत्त्यांचा डाव, आणि हा मध्ये उभा. त्याने स्वतः लिहून ठेवलंय हे. आमच्याकडेही अशी पोरं यायची, वर्गणी नसायची, कपाटापाशी उभी राहून अर्धं पुस्तक संपवायची आणि मी न बघितल्यासारखं करायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्ड-बॉइल्ड म्हणजे ती बंगल्यातली, लायब्ररीत प्रेत आणि सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवून शेवटी खुनी सांगणारी गोष्ट नव्हे. ‘ब्लॅक मास्क’ नावाचं स्वस्त कागदावरचं मासिक होतं अमेरिकेत, १९२० मध्ये निघालेलं, त्यात ही पद्धत तयार झाली. हॅमेट स्वतः पिंकर्टन एजन्सीत डिटेक्टिव्ह होता, त्यामुळे त्याचे गुन्हेगार आणि पोलिस सगळे रस्त्यावरचे, भाषा रोखठोक, डिटेक्टिव्हला भाडं भरायचं असतं, मार खातो, पैशावर काम करतो पण विकला जात नाही. मग रेमंड चँडलर आला, त्याने त्याला वाक्यांची झिलई दिली. आणि तिसरं नाव घेतात ते आपल्या या मिलरचं.

हा पोरगा मग शाळेत असताना १९३१ मध्ये शाळेच्या मासिकात शेरलॉक होम्सची टिंगल करणारी गोष्ट लिहितो आणि त्याच अंकात मार्गारेट स्टर्म नावाच्या मुलीचीही गोष्ट असते, १९३८ मध्ये दोघांचं लग्न, आणि गंमत म्हणजे बायको आधी रहस्यकथा लेखिका झाली, १९४१ मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं, नवऱ्याचं १९४४ मध्ये. म्हणजे मिलर हे नाव बायकोने आधीच गाजवलेलं. त्यामुळे लू आर्चरचं पहिलं पुस्तक ‘द मूव्हिंग टार्गेट’ १९४९ मध्ये काढताना याने टोपणनाव घेतलं, जॉन मॅकडोनाल्ड. तिकडे खरा जॉन डी. मॅकडोनाल्ड लिहीत होताच, तो वैतागला. मग हा झाला जॉन रॉस मॅकडोनाल्ड, तरी लोक गोंधळले, मग १९५६ पासून नुसता रॉस. तुमची चौकट त्याच गोंधळाची सगळ्यात ताजी आवृत्ती समजा.

आणि हो, डॉक्टरेट. मिशिगन विद्यापीठात, कवी कोलरिजच्या समीक्षेवर, १९५२ ची. ऑडेनसारखा कवी त्याला तिथे शिकवायला होता आणि ऑडेनला डिटेक्टिव्ह कथांचा स्वतःलाच नाद, त्याने नाक मुरडलं नाही, उलट पोराला उत्तेजनच दिलं. म्हणजे तुमच्या लेखात जे म्हटलंय ना, की डॉक्टरेट असून सुद्धा, तिथे मोठमोठ्यांना त्यात ‘असून सुद्धा’ वाटत नव्हतं. प्रबंध लिहिता लिहिता आर्चर लिहीत होता हा माणूस, दोन्ही एकाच वेळी.

बरं त्याने ‘खरं साहित्य’ ट्राय केलं नाही असंही नाही. नौदलातून युद्ध संपवून आल्यावर स्वतःच्या लहानपणावर सरळ आत्मचरित्रासारखी कादंबरी लिहायला घेतली होती. जमेना. नुसती दुखणी कागदावर येत होती, गोष्ट होत नव्हती, शेवटी सोडून दिली आणि आर्चरकडे वळला. पुढे दहाएक वर्षांनी तेच सगळं, कॅनडा, निघून गेलेला बाप, आपण नक्की कुणाचे हा प्रश्न, हे ‘द गाल्टन केस’ मध्ये आलं १९५९ मध्ये. त्यात कॅलिफोर्नियातल्या श्रीमंत म्हाताऱ्या बाईचा मुलगा वीस-बावीस वर्षांपूर्वी गायब झालाय, आर्चर शोधायला निघतो आणि एक तरुण पोरगा सापडतो जो म्हणतो मी त्याचा मुलगा. आर्चर माग काढत काढत जातो कॅनडात. पोरगा खरा की तोतया, पुढचं सांगत नाही, वाचनालयवाल्याचा धर्म असतो. पण जे सरळ सांगता आलं नाही ते डिटेक्टिव्हच्या कोटाच्या आडून सांगता आलं हे मिलरने स्वतः लिहिलंय. कारण आर्चर प्रश्न विचारतो आणि ऐकतो. मारामाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत आहेत थोड्या, पुढे पुढे तो नुसता लोकांच्या घरी जाऊन बसतो, आणि लोक बोलतात. मिलर म्हणायचा की हा आर्चर एवढा बारीक आहे की आडवा वळला तर दिसेनासा होतो.

मधल्या काळात घरी जे झालं ते मी चवीने सांगणार नाही. १९५६ मध्ये त्याच्या एकुलत्या मुलीच्या हातून गाडीचा अपघात झाला, त्यात एक मुलगा गेला, ती थांबली नाही. कोर्ट, पेपर, सगळं. घर सोडून वर्षभर दुसऱ्या गावी गेले, बाप मानसोपचार घ्यायला लागला. १९५९ मध्ये तीच मुलगी कॉलेजमधून गायब झाली, आणि डिटेक्टिव्ह कथा लिहिणारा बाप खरोखरच्या प्रायव्हेट डिटेक्टिव्हला घेऊन तिला शोधत फिरला, काही दिवसांनी नेवाडात रीनो गावात सापडली. १९७० मध्ये ती गेली, ३१ वर्षांची. यानंतर कुणी म्हणावं की हा माणूस त्याच त्याच हरवलेल्या पोरांच्या गोष्टी लिहीत बसला, तर मी काय बोलू.

जरा हलकं सांगतो. चँडलरला हा आवडायचा नाही. १९४९ मध्येच एका पत्रात त्याने ‘मूव्हिंग टार्गेट’ वर ताशेरे मारले, मुख्य राग एका उपमेवर, की गाडीला गंजाचे मुरुम आलेत म्हणे! चँडलरचं म्हणणं असं की साध्या गंजाला साधं गंज म्हणायचं सोडून हा दाखवायला जातो मी किती लिहिणारा. आणि हे चँडलरने म्हणावं, ज्याने आख्ख्या जन्मात एक वाक्य साधं ठेवलं नाही! पत्र छापलं गेलं १९६२ मध्ये, तेव्हा चँडलर गेलेला, उत्तर द्यायची सोय नाही, आणि ज्याला गुरू मानलं त्याने आपल्याला असं म्हणलं होतं हे मिलरला खूप लागलं. पण वाचा बरं का, पहिल्या पुस्तकात उपमा जरा जास्तच आहेत, चँडलर अगदीच खोटं बोलत नव्हता. पुढे त्या गळत गेल्या. अठरा पुस्तकं ओळीने वाचली की दिसतं, एक माणूस तीच वही परत परत पुसून जास्त बारीक लिहितोय. लिहायचाही वहीतच, स्प्रिंगवाल्या वह्या, हाताने, खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकून. सँटा बार्बरात राहायचा, पुस्तकांत गावाचं नाव सँटा टेरेसा केलंय. समुद्रात पोहायचा, कोर्टात खटले ऐकायला जाऊन बसायचा, पक्षी बघायचा. बायकोलाही पक्ष्यांचं वेड, तिने त्यावर पुस्तक लिहिलंय.

‘द अंडरग्राउंड मॅन’, १९७१, याची सुरुवात बघा. सकाळची वेळ, आर्चर आपल्या फ्लॅटबाहेर ‘जे’ नावाच्या निळ्या पक्ष्यांना शेंगदाणे टाकतोय. शेजारच्या फ्लॅटमधला सहाएक वर्षांचा पोरगा बाहेर येतो, दोघांची दोस्ती जमते, शेंगदाणे उडवायचे झेलायचे. बस एवढंच. आणि थोड्या वेळात त्या पोराचा बाप येतो, नवराबायकोची धुसफूस, पोराला घेऊन जातो, आणि मग पोरगा गायब, डोंगराला वणवा लागलेला, बाप मेलेला, आणि वणवा लागला कशाने तर त्या बापाच्याच हातून पडलेल्या जळत्या चिरूटाने. आणि तो तिथे कशाला गेला होता तर स्वतःच्या निघून गेलेल्या बापाला शोधायला. तीन पिढ्या आणि एक आग. १९६४ मध्ये सँटा बार्बराच्या डोंगरात मोठा वणवा पेटला होता, तो या माणसाने डोळ्यांनी बघितलेला. या पुस्तकावर यूडोरा वेल्टीने, म्हणजे ज्यांना तुमचे समीक्षक पण मान देतील अशा लेखिकेने, न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत पहिल्या पानावर लिहिलं. त्याआधी १९६९ मध्ये ‘द गुडबाय लुक’ वर विल्यम गोल्डमनने तिथेच पहिल्या पानावर लिहिलं होतं. डिटेक्टिव्ह पुस्तकं, पहिल्या पानावर. आमच्याकडे खालच्या फळीवर. ती वेल्टी आणि हा मग पुढे दहा-बारा वर्षं एकमेकांना पत्रं लिहीत राहिले, ती पत्रं पुस्तकरूपाने आलीत.

१९६९ च्या जानेवारीत सँटा बार्बरासमोरच्या समुद्रात तेलविहिरीतून गळती झाली, किनारा काळा झाला, पक्षी तेलात माखून मेले. हा एरवीचा बुजरा माणूस रस्त्यावर उतरला, निदर्शनं केली, लेख लिहिले. आणि मग काय केलं, तर १९७३ ला त्यावर आर्चरचीच कादंबरी, ‘स्लीपिंग ब्युटी’, वेल्टीला अर्पण केलेली. सुरुवातीलाच तेलात भिजलेला पक्षी हातात धरून किनाऱ्यावर आलेली मुलगी. दुसऱ्या कुणी यावर वैचारिक ग्रंथ लिहिला असता, पाच जणांनी वाचला असता.

शेवटचं आर्चर १९७६ ला, ‘द ब्लू हॅमर’. त्यानंतर आठवण जायला लागली, अल्झायमर. ज्याच्या पुस्तकांत वीस वर्षांपूर्वी कोण काय म्हणालं यावर सगळं उभं असायचं त्याला सकाळचं आठवेना. ११ जुलै १९८३ ला गेला. त्याच्या सँटा टेरेसात पुढे स्यू ग्राफ्टनने आपली डिटेक्टिव्ह राहायला आणली, मुद्दाम, त्याच्या आदराने, इंग्रजी अक्षरांवरून नावं देत एपासून वायपर्यंत पुस्तकं लिहिली आणि २०१७ ला ती पण गेली, झेड राहिलंच. बघा म्हणजे गाव खोटं, पण एक लेखक गेला तर दुसरी राहायला आली. असं आपल्याकडे कुठल्या गावाचं झालंय सांगा, मी तरी ऐकलं नाही.

हॅमेटची शेवटची कादंबरी १९३४ ची, त्यानंतर तो १९६१ पर्यंत जगला पण कादंबरी नाही. चँडलरच्या सात. याच्या आर्चरच्या अठरा, सत्तावीस वर्षं, एकच माणूस, एकच जिल्हा. माझ्या मेंबरांपैकी कितीतरी जण पस्तीस वर्षं एकाच ऑफिसात त्याच टेबलावर बसले, त्यांच्या निरोप समारंभाला कुणी म्हणलं नाही की हे अडकून राहिले, निष्ठावान सेवक म्हणून शाल-नारळ दिला. लेखकालाच का हो वेगळा न्याय?

एक किस्सा सांगून थांबतो. ‘द चिल’ म्हणून १९६४ चं पुस्तक आहे त्याचं, माझ्या मते सगळ्यात भारी. वाचनालयवाल्यांना एक कायमचा ताप असतो, काही नग मेंबर पुस्तकात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवतात, पान बारा-पंधराच्या आसपास, दुसऱ्याची मजा घालवायला. माझ्या ‘चिल’ च्या कॉपीत पण एकाने लिहिलं. अक्षर ओळखीचं होतं, मी कोण ते पण ओळखलं, वर्गणी थकलेली त्याची तीन महिन्यांची. मी चिडून खोडरबर घेऊन बसलो आणि मग म्हणलं थांब, आधी बघू तरी, आणि नाव वाचलं तर चूक! कारण या बेट्याने शेवटची दोन पानं वाचलीच नव्हती, आपल्याला कळलं असं समजून पुस्तक मिटलं होतं, आणि मॅकडोनाल्डने खरा घाव ठेवलाय अगदी शेवटच्या पानावर. मग मी ते खोडलंच नाही. पुढे ज्याने ज्याने ते पुस्तक नेलं तो परत देताना हसायचा, न बोलता.

वाचनालय बंद केलं तेव्हा बरीचशी पुस्तकं रद्दीत आणि काही शाळांना गेली, आर्चरची सात-आठ माझ्याकडेच ठेवली, ‘चिल’ त्यातच आहे, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली, माझा शिक्का मारलेली. लेख लिहिणाऱ्यांनी मॅकडोनाल्ड वाचून लिहिलंय की नुसता कुठूनतरी उतरवून, ते मी विचारत नाही. हवी असेल तर तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो, परत मात्र नक्की द्या. आणि पान बाराला पेन्सिलीने जे लिहिलंय ते वाचू नका. वाचलंत तरी चालेल म्हणा, चुकीचंच आहे.

कळावे,
आपला,
एक जुना वाचनालयवाला,
डोंबिवली (पूर्व)